बाबांचे सव्वासहा

दिवसभर मी लोकांना वेळ वाटते. थट्टा नाही, खरंच तेच माझं काम आहे. सात रस्त्याजवळ एक हाडांचा दवाखाना आहे, तिथल्या काउंटरवर बसून मी नंबर लावते. "तुमचा अकरा वीस. तुमचा पावणेबारा. आजी, तुमचा बाराचा आहे हो, आत्ता नाही, बसा खाली." मैंदर्गीहून पहाटे निघालेला माणूस दहालाच पुढ्यात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, मॅडम, परतीची गाडी चुकंल की. त्याला मधे सोडलं की मागच्या बाई मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकासमोर धरतात. दोघांचंही खरंच असतं. शिव्या मात्र मला.

हे नऊ ते पावणेसहा. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे घर. घर म्हणजे जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि त्यात आम्ही चौघं. माझा नवरा रत्नदीप, चिंचोळीला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. मुलगी मनाली, यंदा दहावीला. मी धम्मप्रिया. आणि माझे सासरे धर्मपाल, म्हणजे आमचे बाबा. सासूबाई जाऊन सात वर्षं झाली.

बाबांनी एकतीस वर्षं मिलमध्ये काढली, कताई खात्यात. मिल बंद पडली त्यालाही आता पंचवीस वर्षं होऊन गेली, पण बाबांच्या अंगातला भोंगा काही बंद पडला नाही. भोंगा झाल्यावर पाच मिनिटांत गेट लागायचं. बाहेर राहिला त्याचा खाडा. मग हातापाया पडा नाहीतर देवाचं नाव घ्या, गेट उघडत नसे. त्या पाच मिनिटांच्या भीतीनं बाबांचं सगळं आयुष्य घडवलंय. मिल सुटताना मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी हॉलमध्ये दारावर, अगदी आपल्या कॉटसमोर लावून घेतलंय. रेडिओच्या बातम्या लागल्या की काटा बघायचे. मिनिटभर पुढेमागे झालं तर घरात कुणाला सुख नाही. ते घड्याळ फक्त कॉटवरून नीट दिसतं. आम्ही बाकीचे आपापल्या फोनात वेळ बघतो.

बाबांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, बाजूचं गेलंय. सकाळ-संध्याकाळ सव्वासहाला डोळ्यांत थेंब टाकावे लागतात. त्यांचा हात थरथरतो, म्हणून ते काम माझं. मी दारातून आत आले की बाबा माझ्या डोक्यावरून वर बघतात आणि म्हणतात, "सव्वासहा." ये नाही, बस नाही, दमलीस का नाही. नुसतं सव्वासहा. एखाद्या दिवशी आसरा चौकात गर्दी लागली तर, "सहा पंचवीस." एवढंच, वर एक शब्द जास्त नाही. पण ते असं म्हणायचे की मला वाटायचं, झालं, पडला आपला खाडा. सोळा वर्षं मी त्या गेटातून धापा टाकत आत येत होते.

मार्चमध्ये काउंटरवरच चक्कर आली. आमच्या दवाखान्याच्या वरच दुसरे एक डॉक्टर बसतात, त्यांनी तपासलं. बीपी एकशे साठ, खालचं शंभर. वय एक्केचाळीस.

"गोळी देतो," ते म्हणाले, "पण गोळीनं निम्मंच काम होईल. रोज अर्धा तास काहीही करू नका."

"काहीही म्हणजे?"

"काहीही म्हणजे काहीही. फोन नाही, भाजी निवडणं नाही, उद्याचं ठरवणं नाही. नुसतं बसायचं."

मला हसूच आलं. "डॉक्टर, हा अर्धा तास कुठल्या मेडिकलमध्ये मिळतो?"

ते हसले नाहीत.

त्याच महिन्यात आमच्या सरांनी सगळ्या स्टाफला वेळेचं नियोजन शिकवायला पुण्याहून एक मॅडम बोलावल्या. मॅडम छान होत्या, साडीला एक चुणी नाही. त्यांनी रंगीत चौकटींचा तक्ता दिला. निळ्यात नोकरी, पिवळ्यात घर, आणि एक हिरवी चौकट, त्यात काही लिहायचं नाही. तो तुमचा स्वतःचा वेळ. "वेळ सापडत नसतो, काढून ठेवावा लागतो," मॅडम म्हणाल्या. माझ्या मनात आलं, काढून ठेवला तर चोरीला जातो, मॅडम, तुमच्याकडे जात नसेल.

तरी मी तक्ता भरला. बीपीची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. सहा वीस ते सहा पन्नास, हिरवी चौकट, कोरी. तक्ता फ्रिजवर लावला आणि सगळ्यांना बजावून सांगितलं, या अर्ध्या तासात मला कुणी हाक मारायची नाही. "हो हो, अगदी बरोबर," रत्नदीप म्हणाले. मनालीनं तर टाळ्या वाजवल्या.

आठ दिवस झाले नसतील. फ्रिजमधून दही काढायला गेले तर हिरव्या चौकटीत रत्नदीपच्या अक्षरात लिहिलेलं, 'गॅसला नंबर लावणे.' त्याखाली मनालीचं, 'प्रोजेक्ट, आईसोबत.' त्याखाली पुन्हा मनालीच्याच अक्षरात, पण सांगितलेलं बाबांनी, 'आजोबांची नखं.'

आता कुणावर चिडू? कुणाच्या मनात पाप नव्हतं. त्यांना खरंच वाटलं, एवढी एकच जागा मोकळी दिसतेय, तर लिहून टाकू. मोकळं कपाट दिसलं की त्यात गोधड्या कोंबायच्या, ही आपल्या घरांची खोडच आहे. मी दही घेतलं, फ्रिज लावला आणि बाबांची नखं कापायला बसले. कापता कापता रडू आलं, तर बाबांना वाटलं मला सर्दी झाली.

मग मी खोटं बोलले.

"दवाखान्याची वेळ वाढलीय," मी जेवताना म्हटलं. "सोमवारपासून मला यायला पावणेसात होतील."

"मग जेवण उशिरा?" मनालीनं विचारलं. बाकी कुणी काही विचारलं नाही. बाबा भाकरी कुस्करत होते, त्यांनी फक्त मान वर केली आणि परत खाली घातली.

आधी बागेत बसून बघितलं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या बिल्डिंगमधल्या श्रीदेवीवहिनी भेटल्या. "अगंबाई, एकटीच? काय झालं? भांडण झालं का घरात?" बाई एकटी बसली म्हणजे काहीतरी बिनसलेलंच असणार. तिसऱ्या दिवशी विजापूर रोडवरचा तो बसथांबा दिसला. बसचा मार्ग केव्हाच बदललाय, तिथं बस थांबत नाही. पण पत्रा शाबूत आहे, बाकडं आहे, मागं कडुलिंब आहे. आणि मुख्य म्हणजे, बसथांब्यावर बसलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. ती कशाची तरी वाट बघतेय असं लोक आपोआप धरून चालतात. स्कूटी मात्र पलीकडे टायरच्या दुकानाशेजारी लावायची. नाहीतर गाडीवाली बाई बसची वाट कशाला बघते, म्हणून नवीन चौकशी.

तिथं मी काय करायचे? काही नाही. फोन मुका करून पर्समध्ये टाकायचा आणि बसायचं. पहिले आठ दिवस तेही जमेना. तूरडाळ संपलीय, मनालीची फी, पाण्याची टाकी, डोक्यात सगळं चालूच. मग हळूहळू थांबलं. एक बारकं कुत्रं बाकड्याखाली येऊन झोपायचं. कडुलिंबाची पानं पडायची. अर्ध्या तासात मी कुणाची आई नव्हते, कुणाची सून नव्हते, नंबर लावणाऱ्या मॅडमही नव्हते. लई बरं वाटायचं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी खोटं बोलावं लागतं याची चीड यायची, आणि तरी लई बरं वाटायचं.

पहिला आठवडा बाबा दारात बरोबर "पावणेसात" म्हणाले. दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी घरी आले. सोळा वर्षांची सवय, दारातच कान टवकारले. बाबांनी वर बघितलं आणि म्हणाले, "सव्वासहा."

मी चमकले. फोन काढून बघितला, सहा सेहेचाळीस. वाटलं, बोलून गेले असतील सवयीनं. बुधवारी पुन्हा, "सव्वासहा." गुरुवारी पुन्हा. म्हटलं, गेली नजर. काटे दिसेनात आणि कबूल करायची लाज वाटते, म्हणून आपलं ठरलेलं बोलतात. आणि थेंब तर मीच रोज अर्धा तास उशिरा टाकत होते. माझ्या त्या कडुलिंबापायी म्हाताऱ्याचा डोळा चालला.

रविवारी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, प्रेशर तेवढंच आहे, नजर तशीच आहे, थेंब अर्धा तास पुढेमागे झाले तर काही बिघडत नाही. मग तर जास्तच भीती वाटली. नजर ठीक आहे, मग डोकं? ज्या माणसानं उभ्या जन्मात मिनिट चुकवलं नाही, तो अर्ध्या तासानं चुकतोय. रत्नदीपना सांगायला गेले तर म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर वय आहे त्यांचं. चालायचंच."

एवढं असून मी तो अर्धा तास सोडला नाही. रात्री पाठ टेकली की स्वतःचीच लाज वाटायची. दुसऱ्या दिवशी पावणेसहा वाजले की गाडी आपोआप तिकडंच वळायची. तीन महिन्यांत बीपी एकशे तीसवर आलं. वरचे डॉक्टर म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

जूनमधला गुरुवार. आमच्याकडे पाणी चार दिवसाआड येतं आणि कधी येईल ते सांगून येत नाही. त्या दिवशी पहाटे साडेतीनला आलं. टाकी, पिंपं, बादल्या, पातेली सगळं भरेपर्यंत साडेपाच. मग डबे, मग बाबांचे थेंब, मग काउंटरवर पंच्याऐंशी नंबर. संध्याकाळी बसथांब्यावर बसले आणि पाच मिनिटं डोकं खांबाला टेकलं.

जाग आली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. पर्समधून फोन काढला. पावणेआठ. चौदा मिस्ड कॉल. गाडीची किल्ली दोनदा खाली पडली.

घरी पोचले तर रत्नदीप दारातच उभे. मागं मनाली, रडून नाक लाल झालेलं. बाबा कॉटवर ताठ बसलेले.

"कुठं होतीस?"

"झोप लागली हो."

"कुठं?" त्यांचा आवाज चढला. "दवाखान्यात फोन केला मी. म्हणाले, पावणेसहालाच गेल्या. रोज पावणेसहालाच जातात म्हणे. वेळ कधी वाढलीच नाही."

मी खाली बघितलं.

"तीन महिने रोज अर्धा तास तू असतेस कुठं?"

"बसथांब्यावर."

"गाडी आहे की तुझ्याकडं. बसथांब्यावर कशाला?"

"बसायला."

"कुणासोबत?"

बघा, दमलेलं माणूस सगळं ऐकून घेतं. आरडाओरडा ऐकतं, टोमणे ऐकतं. पण तो एक शब्द मुलीच्या देखत ऐकला आणि माझं डोकंच फिरलं.

"हो, आहे की सोबत!" मी ओरडले. "एक खांब आहे, एक बाकडं आहे आणि एक लूत लागलेलं कुत्रं आहे. उद्या चला, तिघांचीही ओळख करून देते. फ्रिजवर बघा जाऊन, अर्धा तास मागितला होता मी तुमच्याकडं. मागून मिळाला नाही म्हणून चोरला. तुमचा गॅस लिहिलाय त्यात, अजून तसाच आहे. मी काय दगड आहे का? मला नुसतं बसावंसं वाटलं तर कुणासोबतच बसायला पाहिजे का?"

कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद करायला कुणी हललं नाही.

"रत्न्या," बाबा म्हणाले. "किती वाजले?"

"बाबा, तुम्ही जरा थांबा."

"किती वाजले, सांग की."

"आठ दहा."

"फोनात नको. वर बघ."

रत्नदीप वळले, दारावर बघितलं. मीही बघितलं. कितीतरी दिवसांनी मी त्या घड्याळाकडं मान वर करून बघत होते. सात चाळीस.

"अर्धा तास मागं पडलंय," रत्नदीप म्हणाले.

"पडलं न्हाय," बाबा म्हणाले. "मी पाडलंय."

मनाली नाक ओढत म्हणाली, "आजोबांनी सांगितलं म्हणून मीच स्टुलावर चढून काटा फिरवला होता. कुणाला सांगू नको म्हणाले."

बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. एवढं बोलायची त्यांना सवय नाही, शब्द जुळवत होते.

"येळ वाढली म्हणून ही सांगितली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोमवारी मिलमधल्या महादेवप्पासंगं रिक्षातनं येत हुतो. त्याची बहीण वारली तितं गेलो हुतो. विजापूर रोडला समोरच दिसली. थांब्यावर बसलेली, डोळं मिटून. हाक मारणार हुतो. मारली न्हाय. मिलमधी दुपारच्या सुट्टीत बाया मशीनपाशी टेकून अशाच बसायच्या. त्या येळेला मुकादम बी हाक मारायचा न्हाय कुणाला. तेवढी तरी रीत हुती."

"मग मला सांगायचं की, बाबा," रत्नदीप म्हणाले.

"काय सांगू? तू काय केलं असतंस, आत्ता केलंस तेच की." "माझा सोभाव मला ठाऊक हाय. सव्वासहा झालं आन् ही आली न्हाय की माझ्या छातीत धडधडतंय. गेट लागल्यावानी. मग तोंडातनं काय बी निघतंय. ती त्या धाकानं पळत येणार, आन् परत चक्कर येऊन पडणार. म्हटलं, तिला पळवण्यापरीस काटाच मागं घ्यावा. आता ती येती तवा सव्वासहाच झालेले असत्यात. तिला बी उशीर न्हाय, मला बी धडधड न्हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "नखं मीच लिवायला लावली हुती. मला काय म्हाईत, ती मोकळी जागा तुझी हुती."

एकतीस वर्षांत ज्या माणसानं एक खाडा पडू दिला नाही, रेडिओ लावून जो मिनिट मिनिट जुळवायचा, त्यानं माझ्यासाठी आपलं घड्याळ खोटं केलं होतं. आणि मी त्याला वेडा ठरवायला निघाले होते. मी कॉटपाशी बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. "आगं, थेंब ऱ्हायलेत अजून," बाबा म्हणाले. हात थरथरत होता, पण माझ्या केसांवर होता.

रत्नदीपनी माफी वगैरे मागितली नाही. गॅलरीत जाऊन बराच वेळ उभे राहिले, मग येऊन स्वतःच ताटं घेतली. सकाळी डबा उचलताना नुसतं "येतो" म्हणाले. फ्रिजवर बघितलं, 'गॅसला नंबर लावणे' खोडलेलं होतं. पेन नीट चाललं नसावं, कागद फाटला होता.

शुक्रवारी पावणेसहाला दवाखान्यातून निघाले ती सरळ घराकडं. बसथांबा आला तेव्हा मी तिकडं बघितलं नाही. आता सगळ्यांना माहीत झालं होतं. माहीत झालेल्या अर्ध्या तासाचं काय होतं ते मी फ्रिजवर बघितलं होतं. उद्या श्रीदेवीवहिनींनाही कळेल, परवा माहेरी कळेल, मग कोण काय म्हणेल. नको ती कटकट. एक गोळी जास्त घेऊ, मनाशी म्हटलं. बायका घेतातच की.

जिना चढले, दार उघडंच होतं. बाबा कॉटवर बसलेले. त्यांनी नेहमीसारखं माझ्या डोक्यावरून वर बघितलं.

"पावणेसहा," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, कालच्या प्रकारानंतर रत्नदीपनी काटा सरळ केला असेल. केला नव्हता.

"बाबा, सव्वासहा झालेत."

"तुझ्या फोनात झालं असतील. हितं पावणेसहा हाय. आजून भोंगा झाला न्हाय."

"आणि थेंब?"

"थेंबाला अर्धा तास हाय."

मी तशीच उंबऱ्यात उभी राहिले. खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी, चपला पायातच.

"पिशवी ठेव हितं," बाबा म्हणाले. "आन् जा. बस जा."

मी पिशवी दाराच्या आत टेकवली आणि वळले. चार पायऱ्या उतरले असेन, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आन् सव्वासहाला ये गं. उशीर चालायचा न्हाय."